टाकी ढवळतंय कोण?

सरांनी सव्वीस वर्षांत निदान अकराशे टाक्या भरल्या होत्या आणि तेवढ्याच रिकाम्या केल्या होत्या. सगळ्या फळ्यावर. टाकीत इतके लिटर पाणी, त्यात इतके किलो मीठ, एका नळातून इतकं पाणी येतं, दुसऱ्यातून तेवढंच जातं. तर तासाभरानं टाकीत मीठ किती? हा प्रश्न सर झोपेतून उठवलं तरी सोडवत. घरच्या गच्चीवरची टाकी वाहायला लागली की मात्र खाली उभं राहून "अगं, पाणी पडतंय बघ" एवढंच ते म्हणत, आणि वर चढून कॉक बंद करायचं काम त्यांची बायको करी.

इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणजे सरांचा जीव की प्राण. समीकरणाच्या डाव्या बाजूला दोन पदं असतात. एकात बदलाचा वेग, दुसऱ्यात ती बदलणारी राशी स्वतः. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. इंटिग्रेशन करायला जावं तर एक हाताला लागतं आणि दुसरं निसटतं. अशा वेळी सगळ्या समीकरणाला एका नेमक्या फॅक्टरनं गुणायचं. गुणलं की डावीकडची दोन्ही पदं मिळून एकाच गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह होतं, इंटिग्रेशन सरळ होतं, आणि काम झालं की तो फॅक्टर भागून टाकायचा. "घरातल्या भांडणात एखादा शहाणा नातेवाईक पडतो ना, तसा," सर वर्गात सांगत. "येतो, दोघांना एकत्र आणतो, आणि चहासुद्धा न घेता निघून जातो." स्वतःला ते असाच नातेवाईक समजत. सासरच्या मंडळींचं मत वेगळं होतं.

त्या मताला कारण होता सरांचा धाकटा मेहुणा. एकोणीस वर्षांपूर्वी तो सरांच्याच वर्गात शिकत होता. परीक्षेत टाकीचाच प्रश्न आला. मेहुण्यानं समीकरण नीट मांडलं, फॅक्टर बरोबर काढला, आणि मग डोक्यात काय आलं कोण जाणे, पुढं न सोडवता खाली लिहून ठेवलं, 'उत्तर येईल. पण टाकी ढवळतंय कोण? खारं पाणी जड असतं. ते तळाला राहिलं तर हे सगळं खोटं.' पेपर तपासायला सरांकडेच आला. सरांनी त्या प्रश्नाला भलामोठा भोपळा दिला. एकूण मार्क झाले चौतीस, पास व्हायला लागत पस्तीस, आणि अर्धा मार्क असला तर तो पुरा धरावा असा कॉलेजचा नियम होता. म्हणजे त्या ओळींना सरांनी अर्धा मार्क दिला असता तरी पोरगा तरला असता.

"दिला नाही!" हे सर पुढं प्रत्येक लग्नकार्यात छाती फुगवून सांगत. "मेहुणा असला म्हणून काय झालं? गणितात नातीगोती नसतात."

मेहुण्यानं पुन्हा परीक्षेचं नाव काढलं नाही. त्यानं माशांची पिल्लं वाढवणाऱ्या एका केंद्रात नोकरी धरली, टाक्या धुण्यापासून सुरुवात केली आणि आता तिथला सगळा कारभार बघत होता. ती उत्तरपत्रिका सरांनी जपून ठेवली. दरवर्षी टाकीचा धडा आला की ते ती वर्गात घेऊन जात आणि नाकात बोलून वाचून दाखवत, "पण टाकी ढवळतंय कोण?" एकोणीस वर्षं पोरं न चुकता हसत होती. मार्क देणारा माणूस विनोद करतो तेव्हा हसण्यावाचून पोरांना गत्यंतर नसतं, हे सरांच्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या रविवारी सर सकाळीच मेहुण्याच्या केंद्रावर गेले ते काही मायेपोटी नाही. त्यांचं गाईड छापून निघायचं होतं, आणि प्रकाशकाला मुखपृष्ठावर खऱ्या टाकीचा फोटो हवा होता. सरांच्या ओळखीत टाकीवाला माणूस एकच निघाला. बायको भावासाठी डबा घेऊन बरोबर आली.

केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आत ओली फरशी, शेवाळाचा वास, आणि जमिनीतच बांधलेल्या पांढऱ्या टाइल्सच्या टाक्या. मेहुणा गमबूट घालून एका टाकीशी ओणवा झाला होता आणि त्याच्या डोक्यावर केंद्राची मालकीणबाई उभी होती. तिचा चेहरा बघूनच सरांच्या बायकोनं डबा खाली ठेवला.

"ताई, आज बोलायला फुरसत नाही गं," मेहुणा म्हणाला. "तळाचा व्हॉल्व अडकलाय."

गोष्ट अशी होती. मागच्या खेपेची पिल्लं रोगानं पटापट मेली होती. म्हणून मेहुण्यानं टाकीत दोन दिवस कडक मिठाचं पाणी भरून ठेवलं होतं, रोगाचा मागमूस राहू नये म्हणून. सकाळी तळाचा व्हॉल्व उघडायचा, ते पाणी सोडून द्यायचं, ताजं भरायचं, आणि अकराच्या गाडीनं नवी पिल्लं आली की आत सोडायची. चाळीस हजार पिल्लं, बोटाएवढी. धंद्यात त्यांना बोटुकलीच म्हणतात. ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून येतात, आणि तो ऑक्सिजन पुरणार होता दुपारी दोनपर्यंत. शेजारच्या टाक्यांत मोठे मासे होते, त्यांच्यात पिल्लं सोडायची म्हणजे पंगत वाढायचीच. उपसायचा पंप दुरुस्तीला गेलेला. आणि आता व्हॉल्व जागचा हलत नव्हता.

"या खेपेला पिल्लं मेली तर मी दुसरा माणूस बघणार," मालकीणबाई म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"वरून ताजं पाणी सोडतो," मेहुणा म्हणाला. "वरच्या कडेला भोक आहे, तिथून जादा पाणी जात राहील. मी वल्ह्यानं ढवळत राहतो. उतरेल खारेपणा."

"किती वेळात?"

"ते काही सांगता येत नाही. मधूनमधून मीटर लावून बघायचं."

सर तोवर फोटोसाठी कुठं उभं राहावं ते बघत होते. पण 'सांगता येत नाही' हे शब्द कानावर पडले आणि त्यांचं सगळं अंग ताठ झालं. सव्वीस वर्षं ज्या टाकीची वाट पाहिली ती समोर आली होती, आणि एक नापास झालेला माणूस म्हणत होता की सांगता येत नाही.

"सांगता कसं येत नाही?" सर पुढं झाले. "बाई, मी गणिताचा प्राध्यापक आहे. टाकी किती लिटरची?"

"सहा हजार."

"खारेपणा?"

"लिटरला तीस ग्रॅम," मेहुणा म्हणाला. "तीनपर्यंत उतरला की पिल्लं जगतात. आणि भाऊजी, आपलं बोअरचं पाणीही थोडं खारट आहे. लिटरला एक ग्रॅम."

ते ऐकून सरांना उकळ्या फुटल्या. येणारं पाणी निव्वळ गोडं असतं तर इंटिग्रेटिंग फॅक्टरवाचूनही भागलं असतं. बोअरनं एक ग्रॅम मीठ घालून सरांची लाज राखली. मिनिटाला शंभर लिटर आत, शंभर बाहेर. गाईडच्या प्रुफांच्या पाठीमागं सरांनी समीकरण मांडलं, फॅक्टर काढला, गुणलं, इंटिग्रेट केलं, फॅक्टर भागून टाकला, सुरुवातीचे तीस ग्रॅम घालून स्थिरांक काढला आणि उत्तराला दुहेरी चौकट केली.

"दोन तास चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "आत्ता साडेआठ झालेत. अकरा दहाला पिल्लं सोडा."

मालकीणबाईच्या कपाळावरच्या आठ्या निम्म्या झाल्या. "बघ," ती मेहुण्याला म्हणाली, "शिकलेल्या माणसाचं असं असतं."

मेहुण्यानं पाणी चालू केलं आणि कोपऱ्यातलं जुनं वल्हं उचललं.

"ते कशाला?" सरांनी विचारलं.

"ढवळायला."

"काही गरज नाही. ढवळणं गृहीत धरलंय."

"कुणी?"

"समीकरणानं!"

मेहुणा वल्हं हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आधी त्यानं मालकीणबाईकडे बघितलं, आणि माणूस मालकाकडे बघून बोलायला लागला की अर्धं बोलणं पोटातच राहतं. सरांना आणखी एक कारण होतं. वल्ह्यानं पाणी हललं असतं आणि फोटो बिघडला असता. नळाची धार सरळ पडू नये म्हणून त्यांनी नळाखाली एक फळी आडवी लावायला लावली. पाणी फळीवरून अलगद, आवाजही न करता, वरच्या वर पसरायला लागलं.

"अहो, ढवळू द्या ना त्याला," बायको म्हणाली. "तुमचं काय जातं?"

"फोटो जातो."

"ठेव ते वल्हं," मालकीणबाईनं निकाल दिला. "प्राध्यापक सांगतायत ना? तू जा, पिशव्या ठेवायला जागा कर."

मेहुण्यानं वल्हं भिंतीला टेकवलं. सरांनी टाकीचे अकरा फोटो काढले. पाणी आरशासारखं स्वच्छ आणि स्थिर होतं, वरच्या पत्र्याचे खिळेसुद्धा त्यात मोजता येत होते.

नऊ वाजता सरांनी स्वतः कडेला उकिडवं बसून मीटर पाण्याला लावला. समीकरणाप्रमाणे तेव्हा खारेपणा साडेअठराच्या आसपास यायला हवा होता. मीटरनं दाखवला एक. इथं साध्या माणसाला शंका आली असती की अर्ध्या तासात एवढं मीठ गेलं तरी कुठं. सर साधे नव्हते. त्यांनी मीटर दोनदा हापटला, कपड्याला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा एक.

"मीटर बिघडलाय तुझा," ते मेहुण्याला म्हणाले. "अर्धा तास झाला की साडेअठराच आले पाहिजेत."

"मीटर नवा आहे, भाऊजी. जरा तळाशी घालून—"

"तू मला शिकवणार का?"

मेहुण्यानं मान खाली घातली आणि रिकामे क्रेट उचलून नेले. एकोणीस वर्षांची सवय, एका सकाळीत थोडीच जाते.

अकराला गाडी आली. फुगलेल्या पिशव्या एकेक करून आत आल्या. प्रत्येकीत शेकडो पिल्लं, बारीक, चंदेरी, नुसती वळवळ. मेहुणा त्या पिशव्या असा उचलत होता की जणू आतून कुणी रडून उठेल. अकरा दहाला सरांनी मीटर लावला, तो अजूनही एकच दाखवत होता. "तीनच्या खाली आहे ना? झालं," म्हणून त्यांनी हात झटकले. "सोडा."

"सोड," मालकीणबाई म्हणाली.

"आधी दहा बघतो," मेहुणा म्हणाला. ही त्याची रीत होती. नवी पिल्लं आली की दहा पिल्लं जाळीच्या टोपलीत घालून पाच मिनिटं टाकीच्या तळाशी ठेवायची, मगच बाकीची सोडायची. कुणी शिकवलेलं नव्हतं. मागच्या एका खेपेनं शिकवलं होतं.

"समीकरण असताना टोपली कशाला?" सर हसले. "चाळीस हजारांचा हिशेब केलाय, दहांचं काय घेऊन बसलास?"

पण या वेळी मेहुणा ना सरांकडे बघत होता ना मालकीणबाईकडे. त्यानं टोपली दोरीनं तळाला सोडली. वरून तीन इंच, सहा इंच, वीतभर जाईपर्यंत पिल्लं मजेत होती. त्याच्या खाली गेल्याबरोबर ती सैरावैरा उसळली. मेहुण्यानं पाच मिनिटं वाट पाहिली नाही, अर्ध्या मिनिटातच टोपली ओढली आणि गोड्या पाण्याच्या बादलीत उपडी केली. सात पिल्लं हळूहळू सरळ झाली. तीन पोट वर करून तशीच तरंगत राहिली.

मेहुण्यानं एक बरणी पालथी तळापर्यंत नेली, तिथं उताणी केली, भरून वर काढली आणि सरांपुढं धरली.

"भाऊजी, बोट बुडवून चाटा."

सरांनी चाटलं. सव्वीस वर्षं ते टाकीत मीठ घालत आले होते, चव आज पहिल्यांदा बघत होते. तोंड वेडंवाकडं झालं. वीतभर गोडं पाणी वर, त्याच्या खाली सगळं मीठ जसंच्या तसं. ताजं पाणी फळीवरून आलं होतं, वरच्या वर पसरलं होतं आणि वरच्या भोकातून निमूट निघून गेलं होतं. अडीच तासांवर ते नुसतं ये-जा करत होतं.

"तू कसला कारभारी रे!" मालकीणबाई कडाडली ती मेहुण्यावर. "टाकी तुझी. ढवळायचं कळू नये तुला? माझी चाळीस हजार पिल्लं पिशव्यांत गुदमरतायत!"

सरांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "एक गृहीतक चुकलं गेलं."

"कुणाकडून?" बायकोनं विचारलं.

सरांनी प्रुफांकडे बघितलं, चौकटीतल्या उत्तराकडे बघितलं, भिंतीला टेकलेल्या वल्ह्याकडे बघितलं. बायको वाट बघत उभी होती आणि तिची वाट बघण्याची पद्धत सरांना लग्नापासून ठाऊक होती.

"माझ्याकडून," ते म्हणाले. "त्याला मीच ढवळू दिलं नाही."

मेहुण्याला हे ऐकायला सवड नव्हती. त्यानं फळी लाथेनं उडवली, वल्हं घेतलं आणि टाकी तळापासून वरपर्यंत घुसळून काढली. पाणी गढूळ, फेसाळ झालं, आरसा मोडला. मग त्यानं मीटर लावला.

"चोवीस," तो म्हणाला. "भाऊजी, आता सांगा. चोवीसपासून किती वेळ?"

सरांनी खाली बसून पुन्हा मांडलं. समीकरण तेच, फॅक्टर तोच, नुसता स्थिरांक बदलला. या खेपेला त्यांनी उत्तराला चौकट केली नाही. "दोन तास सव्वीस मिनिटं," ते म्हणाले. "आत्ता अकरा पंचवीस. म्हणजे दोनला नऊ मिनिटं कमी. पण... ढवळत राहिलं तर."

"बरं," मेहुणा म्हणाला आणि वल्हं त्यांच्या हातात दिलं. "मला पिशव्यांकडे बघावं लागेल. तुम्ही ढवळा."

मग गणिताच्या प्राध्यापकांनी टाकी ढवळली. पहिली दहा मिनिटं त्यांनी ती इस्त्रीच्या शर्टात आणि पॉलिशच्या बुटांत ढवळली, नंतर बूट काढले, मग मोजे. अर्ध्या तासात तळहाताला फोड आले, तासात ते फुटले, आणि वर मिठाचं पाणी उडत होतं. थांबले की बायको घड्याळाकडे बघून म्हणे, "अहो, गृहीत धरू नका, ढवळा." पलीकडे मेहुणा गुडघ्यावर बसून एकेक पिशवी उजेडात धरून बघत होता, मलूल झालेली पिल्लं वेगळी काढत होता, आणि त्यांच्याशी काहीतरी पुटपुटत होता. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी त्यानं असंच काहीतरी स्वतःशी पुटपुटलेलं सरांच्या बायकोला आठवलं.

एक वाजून एक्कावन्न मिनिटांनी मेहुण्यानं तळाशी मीटर लावला, मग मध्ये, मग वर. तिन्हीकडे तीन.

"आलं!" सर ओरडले. त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता, केस विस्कटले होते, डोळे मात्र चमकत होते. "बघितलंत? मिनिटाचा फरक नाही! समीकरण बरोबर होतं! पहिल्यापासून बरोबर होतं!"

त्यांच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. मेहुण्यानं टोपली सोडली, पाच मिनिटं पुरी होऊ दिली. दहाच्या दहा पिल्लं पोहत होती. मग तो आणि मालकीणबाई दोघं मिळून पिशव्या उघडायला लागली. दोनेकशे पिल्लं गेली, बाकीची पाण्यात नुसती सांडली आणि सगळीकडे पसरली. "पुढच्या वेळी व्हॉल्व आदल्या दिवशी बघून ठेव," मालकीणबाई मेहुण्याला म्हणाली. दुसरा माणूस बघायचं तिनं पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी घरी बायकोनं सरांच्या तळहातांना मलम लावलं आणि फडकी गुंडाळली. मग उठून त्यांनी कपाटातून ती उत्तरपत्रिका काढली, लाल पेन दोन बोटांत कसंबसं धरलं, भोपळा खोडला आणि शेजारी काहीतरी लिहिलं. बायकोनं वाकून बघितलं.

"अर्धाच?"

"पुढच्या पायऱ्या दाखवल्या नाहीत त्यानं," सर म्हणाले. "नियमानं अर्ध्याच्या वर देता येत नाही. आणि अर्ध्यात पस्तीस होतात."

"ते मला एकोणीस वर्षांपासून माहीत आहे," बायको म्हणाली आणि मलमाची डबी घेऊन आत गेली.

सरांनी मेहुण्याला फोन लावला. तो उचलला गेला तेव्हा मागून पाण्याचा आवाज येत होता. लग्नकार्यात बोलायची त्यांची जी एक पद्धत होती तसं दमदार बोलायला ते गेले, पण आवाज काही तसा निघाला नाही.

"अरे, मी बोलतोय. तू पास झालास."

"कशात, भाऊजी?"

पलीकडे पाणी वाहत होतं. "एक मिनिट हं," मेहुणा म्हणाला, "पिल्लांची खाण्याची वेळ झाली," आणि त्यानं फोन कुठंतरी कठड्यावर ठेवून दिला.